तोर पुन्हा जेवायला लागला: क्रिटिकल केअर पावडर, गवत आणि आमची आठ दिवसांची धावपळ

आमच्याकडे दोन ससे होते. पांढरीशुभ्र ती पेज आणि हिरवट करड्या रंगाचा तो तोर. नावं मुलाने ठेवली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पावसाळ्यात भाताची पेज आणि तोंडी लावायला मिठातल्या कैरीचं तोर, ही आमच्याकडची जोडी. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि ससे माझ्या गळ्यात पडले. डिचोलीत माझी शाळा, दुपारी घरी आले की दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभी. सहा वर्षं असं चाललं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी रात्री पेज गेली. गर्भाशयात गाठ होती, कळायला उशीर झाला. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये चार वर्षांनंतर हा आजार फार आढळतो, हे मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. असो. बाहेर धो धो पाऊस. ह्यांनी रातोरात फणसाखाली खड्डा खणून तिला पुरली, कारण सकाळी मला तिच्याकडे बघवणार नाही असं त्यांना वाटलं. हेतू चांगला होता, पण चूक झाली ती तिथेच. तोरने तिला बघितलंच नाही. जोडीतला एक मेला की दुसऱ्याला तासभर तरी त्याच्याजवळ बसू द्यावं, हुंगू द्यावं, म्हणजे तो शोधत बसत नाही, हे नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं. आमचा तोर शोधतच बसला. सोफ्याखाली, वॉशिंग मशीनमागे, तिच्या टॉवेलवर.

मंगळवारी सकाळी कोथिंबिरीची जुडी ठेवली, तशीच राहिली. मला वाटलं, माणूससुद्धा अशा वेळी जेवत नाही, एक दिवस जाऊ दे. ससे पाळणाऱ्यांनी हे वाक्य डोक्यातून काढूनच टाकावं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. चारा आत गेला नाही की ते मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. उलटी करून मोकळं होणंही त्याच्या नशिबात नाही. बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर डॉक्टर गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. दुपारी शाळेतून आले तर ट्रेमध्ये लेंड्या अकरा. एरवी शंभराच्या वर असतात, चण्याएवढ्या. ह्या अकरा मिरीच्या दाण्याएवढ्या आणि काळ्या.

जवळच्या दवाखान्यात फोन केला. तिथले डॉक्टर म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, सशाला ग्लुकोज पाजा आणि सकाळी बघा. मी पाजलं नाही. ह्यांना गाडी काढायला लावली आणि म्हापसा गाठलं. तिथल्या डॉक्टरबाई ससे, पोपट, कासवं सगळं बघतात. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांच्या दाराशी आधीच रांग असते. आधी थर्मामीटर लावला. साडेअडतीसच्या वर हवं ते सदतीसच्या घरात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याला टेकवून ठेवली. मग स्टेथोस्कोपने पोट ऐकलं, दाढा बघितल्या, एक्स-रे काढला. पोट फुगून टणक झालेलं असेल किंवा आत काही अडकलं असेल तर तोंडाने भरवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी हे सगळं. तसं काही नव्हतं. कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, आतडं हलतं करायचं औषध. आणि मग कपाटातून पाकीट निघालं. ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

ऑक्सबो ह्या अमेरिकन कंपनीची क्रिटिकल केअर. टिमोथी गवत दळून केलेली पावडर, चारा खाणाऱ्या आजारी प्राण्यांसाठी. एक बडीशेपेसारख्या वासाची मिळते, एक सफरचंद-केळ्याची. आम्हाला बडीशेपवाली मिळाली, १४१ ग्रॅमचं पाकीट. पाकीट फोडलं की लग्नाच्या पंगतीनंतरच्या तबकाचा वास येतो आणि मागून वाळक्या गवताचा.

एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी, पाच मिनिटं मुरू द्यायचं. आमच्या तिझाणाएवढं, म्हणजे नाचणीच्या खिरीएवढं, दाट होतं. कमी पाण्यात कालवलं तर सिरिंज तुंबते, कारण आत धागे असतात, आणि ते धागेच तर हवे असतात. पहिल्या दिवशी मी औषधाच्या दुकानातली साधी सिरिंज घेऊन बसले. अर्ध्या मिनिटात तोंड बंद. जोर लावला तर सगळं एकदम सुटून माझ्या गाऊनवर, तोरच्या कानावर आणि कॅलेंडरवरच्या श्रावणावर. दुसऱ्या दिवशी रुंद तोंडाची भरवायची सिरिंज आणली. हे पाकिटाबरोबरच मागून घ्या, माझ्यासारखी दुसरी फेरी नको.

तोरचं वजन १ किलो ६०० ग्रॅम. किलोला साधारण ५० मिली ह्या हिशेबाने दिवसाला ८० मिली, पाच वेळांत वाटून, म्हणजे एका वेळी १६. ऐकायला थोडं वाटतं. करायला बसलं की पाऊण तास. टॉवेलमध्ये पोळीच्या गुंडाळीसारखा घट्ट घ्यायचा, मांडीवर, चारही पाय खाली. उताणा कधीही करायचा नाही, मान वर करायची नाही, नाही तर फुप्फुसात जातं. पुढचे दात आणि दाढा ह्यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज सरकवायची आणि एक-एक मिली सोडायचं. चावला, गिळला, की पुढचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “टीचर, पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावता ना, तेवढा धीर धरा.” पहिलीची पोरं बरी.

आता खरं मत. पावडर उत्तम आहे. चोवीस तासांत लेंड्या अकरावरून चाळिसावर आल्या. माझ्याकडे शाळेचं जुनं हजेरीपत्रक होतं, त्यात मी रोज आकडे लिहीत गेले, आकार चणा, वाटाणा की मिरी तेही. तिसऱ्या दिवशी एकसष्ट. पोट मऊ. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. पावडरीने भूक येत नाही. आतडं बंद पडू देत नाही, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. तोर भरवलेलं गिळायचा आणि जाऊन पेजच्या टॉवेलवर तोंड भिंतीकडे करून बसायचा. ताटलीकडे बघायचासुद्धा नाही. ज्यांनी कोणी पाच तारे देऊन “दोन दिवसांत खायला लागला” असं लिहिलंय त्यांचा ससा वेगळ्या दुखण्याचा असणार.

गवताबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे तिथे वाया गेले. सशाच्या खाण्यात चार हिस्से गवत आणि एक हिस्सा बाकी सगळं, असं असायला हवं. दातही त्यानेच झिजतात, ते आयुष्यभर वाढत राहतात. आमचं गवत संपत आलेलं, म्हणून ऑनलाइन किलोभर टिमोथी मागवलं, साडेसातशे रुपये. तीन दिवसांनी पार्सल आलं. पिशवी उघडली तर भिजून वाळलेल्या गोणपाटाचा वास, खाली पिवळी भुकटी, एका बाजूला राखी ठिपके. बुरशी. परत करायला गेले तर उत्तर आलं की खाण्याची वस्तू परत घेत नाही. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण पावसाळ्यात गोव्यात गवत मागवणाऱ्यांनी पिशवी उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. चांगलं गवत हिरवट असतं, हातात कुरकुरतं, आणि वास चहापत्तीच्या डब्याच्या आसपासचा. दुसऱ्या दुकानातून आणलेलं तसं निघालं. ते प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका, आपल्या हवेत आतून घाम येतो. मी उशीच्या सुती अभ्र्यात भरून फ्रीजच्या वर ठेवते. फ्रीजची मागची बाजू कोमट असते, तेवढी ऊब पुरते.

शेजारच्या काकींनी भाताचा पेंढा आणून दिला. तो तोरच्या बसायला घातला, पोटाला त्याचा उपयोग नाही. ताईकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानंही आणली होती, ह्या दिवसांत आपण भाजी करतो ती. डॉक्टरबाईंनी नको सांगितलं. त्याने सशाचं पोट सुटतं. काकी रुसल्या. “आमच्या आजीचे ससे तर सगळं खायचे,” म्हणाल्या. आजीचे ससे किती वर्षं जगले ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी तपासणीला पुन्हा म्हापसा. नेमका गणेश चवथीआधीचा शुक्रवारचा बाजार. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीच्या, सामानाने रस्ता भरलेला, गाडी लावायला अर्धा तास. डॉक्टरबाईंनी पोट ऐकलं, आवाज बरे आहेत म्हणाल्या, आणि मला विचारलं, “तुम्ही जेवता कुठे?” मी म्हटलं, टेबलावर. “मग खाली बसा. ससा एकटा जेवत नाही. दोघं होते तेव्हा एक खायला लागला की दुसरा यायचा, आठवून बघा.” खरंच तसं होतं. पेज आधी यायची, हा मागून. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नव्हतं, आणि ह्या सल्ल्याचे त्यांनी वेगळे पैसेही घेतले नाहीत.

त्या रात्रीपासून मी जमिनीवर. पेजचा टॉवेल न धुता तसाच ठेवला, त्याच्या कडेला गवताची मूठ, बाजूला माझं ताट. बाजारातून आणलेला मुळ्याचा पाला, पुदिना आणि शेपू ओलसर करून ठेवला, वास दरवळेल असा. शनिवारी त्याने शेपूची एक काडी तोंडात धरली आणि टाकून दिली. रविवारी गवताच्या दोन काड्या खाल्ल्या, मी मुलाला फोन करून सांगितलं, तो तिकडे रडला. सोमवारी पुन्हा काहीच नाही, लेंड्या सत्तरवरून बावन्न. मला वाटलं, संपलं. पण पावडर चालू होती म्हणून आकडा बावन्नच्या खाली गेला नाही, त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पावडर नसती तर ह्या सोमवारपर्यंत तोर पोचलाच नसता.

मंगळवारी हरतालिका. शाळेला सुट्टी. मी जमिनीवर बसून दुसऱ्या दिवसासाठी दूर्वा निवडत होते, तीन पानांच्या वेगळ्या, एकवीसच्या जुड्या. बागेतल्याच, औषध न मारलेल्या, धुऊन पसरलेल्या. आठ जुड्या बांधून परातीत ठेवल्या. नवव्या जुडीला दोरा शोधत होते तर परातीतून आवाज आला, करकर करकर. तोर पुढचे दोन पाय परातीत ठेवून खात होता. थांबून मिशा हलवायचा, पुन्हा करकर. मी हलले नाही. ह्यांना हाक मारावीशी वाटली, तीही मारली नाही. त्याने पाच जुड्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी गणपतीला आमच्याकडून तीनच जुड्या वाहिल्या गेल्या, बाकी काकींच्या बागेतून आणल्या. त्यांचा रुसवाही तेव्हाच गेला.

पुढचे तीन दिवस भरवणं कमी करत नेलं, एकदम बंद केलं नाही. चवथीच्या फटाक्यांची धास्ती होती, त्याला आतल्या खोलीत पंखा मोठा करून ठेवला. आता लेंड्या मोजत नाही, हजेरीपत्रक मिटलं. नवी जोडीदारीण आणायची की नाही ह्यावर घरात दोन पक्ष आहेत. आणली तर नसबंदी झालेलीच आणेन.

तर पावडर पाचपैकी साडेचार, अर्धा माझ्या खिशाचा कापला. म्हापशाच्या डॉक्टरबाईंना पाच. ऑनलाइन गवताला शून्य. पाकिटात थोडी पावडर उरली, ती कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये आहे. घरात ससा असेल तर एक पाकीट आधीच आणून ठेवा, वेळ रात्री नऊनंतर आणि पावसातच येते. फक्त डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे ह्यांनी परवा ती नाचणीचं पीठ समजून तिझाणाला काढली, गूळही किसून ठेवला होता.