सुट्टीतला डान्स क्लास: एप्रिलमध्ये फी, जूनमध्ये फोन बंद

डोंबिवली पूर्वेला एप्रिल उजाडला की पेपरातून पत्रकं पडायला लागतात. पोहणं, सुलेखन, रोबोटिक्स आणि डान्स. त्यातल्या डान्सच्या एका शिबिराने आमच्या भागातल्या बऱ्याच घरांना कसं गंडवलं, ते सविस्तर लिहिते आहे. शिबिराचं नाव देत नाही. ते दिवाळीपर्यंत बदललेलंही होतं. पद्धत मात्र तीच आहे, आणि ओळखायची ती पद्धतच.

पत्रकावर होतं: वय 6 ते 21, तीस दिवसांत पाच शैली. कथक, भरतनाट्यम, लावणी, हिप-हॉप, कंटेंपररी. टीव्ही शोमधले कोरिओग्राफर. शासनमान्य प्रमाणपत्र, दहावीला वाढीव गुण. समारोप सावित्रीबाई फुले कलामंदिरात. फी 4,500 रुपये, भावंडांना सूट. आमच्या घरातून माझी नववीत जाणारी लेक आणि जाऊबाईंचा अकरावीतला मुलगा, असे दोघं गेले. त्याला फक्त ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपमधला जमिनीवर हात टेकून गिरक्या घेत करायचा नाच, शिकायचं होतं. चौकशीला गेलो तेव्हा संचालक त्याला म्हणाले, "अरे, ब्रेकिंग आता ऑलिंपिकमध्ये आहे! 2028 ची तयारी आत्तापासूनच करायला लागेल." पॅरिसला 2024 मध्ये ब्रेकिंग होतं, हे खरं. पण 2028 च्या लॉस एंजेलिसच्या खेळांमध्ये ते नाही. अर्धं खरं सांगून पुढचं दडपून द्यायची ही हातोटी पुढे आम्हाला रोजच बघायला मिळाली.

पहिला आठवडा मात्र खरोखर छान गेला, आणि सगळी मेख तिथेच आहे. कथकला एक तरुण ताई यायची. तिने मुलांना आधी नुसतं उभं राहायला शिकवलं, मग तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं मूळ काम. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजत, ठायीत, म्हणजे संथ लयीत. घुंगरू मागणाऱ्या मुलींना तिने सांगितलं, "पायाला लय बसू दे, मग घुंगरू." पालक दाराशी उभं राहून बघायचे आणि घरी जाऊन चार जणांना सांगायचे. उरलेली निम्मी नावनोंदणी त्या आठवड्यातच झाली. पोशाखाचे 1,800 आणि परीक्षेचे 1,200 रुपयेही त्याच आठवड्यात मागितले गेले. समोर चांगलं काम दिसत असताना पैशाला कोण नाही म्हणणार?

दुसऱ्या आठवड्यात ताई यायची बंद झाली. "त्यांचा परदेश दौरा लागला," असं उत्तर मिळालं. ही ताई मला जूनमध्ये फडके रोडवर भेटली. दौरा वगैरे काही नव्हता. तिला तासावर बोलावलं होतं, ठरलेल्यातले निम्मे पैसेही दिले नव्हते, आणि तिचा तत्कार शिकवतानाचा व्हिडिओ मात्र जाहिरातीत फिरत होता. म्हणजे गिऱ्हाईक फसलं तशी शिकवणारीही फसली. अशा शिबिरांत ही बाजू कुणी विचारात घेत नाही.

भरतनाट्यम एका बॉलीवूड डान्सवाल्या मुलाने घेतलं. मुलगा गुणी असेल, पण त्याला तट्टडवू, म्हणजे भरतनाट्यमची अगदी पहिली पायाची पायरी, माहीत नव्हता. एक नमस्कार, दोन हस्तमुद्रा आणि पुढे सिनेमातलं गाणं. फरशीवर, अंग मोकळं करून न घेता, मुलांना थेट अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत, बसवून उड्या मारायला लावल्या. लेकीच्या नडग्या दोन दिवस दुखत होत्या. इथे थोडं विषयांतर करते, कारण पाच शैलींच्या आमिषाला भुलणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडेल. कथकमध्ये अंग सरळ, गुडघे ताठ. भरतनाट्यममध्ये मूळ बैठकच गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची. दोन्हींत पाय आपटण्याची रीत वेगळी, पाठीचा तोल वेगळा. नवशिक्या मुलाला एका महिन्यात दोन्ही द्यायला कुठलीही जाणती गुरू तयार होणार नाही. वर्षभर एकच तत्कार घोटून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाच शैली ठेवण्यात संचालकाची सोय अशी की कशातच मोजमाप करता येत नाही. सहा दिवसांत जेमतेम तोंडओळख झाली, की शैली बदलली. काय आलं नाही हे मुलाला कळत नाही आणि आपल्यालाही नाही.

हिप-हॉपच्या आठवड्यात जाऊबाईंचा मुलगा घरी येऊन म्हणाला, "काकू, ब्रेकिंग नाहीच आहे. पॉपिंग-लॉकिंगपण नाही. वरातीत नाचतात तसं आहे." त्याचं निदान बरोबर होतं.

आता वाढीव गुणांबद्दल, कारण सगळ्यात जास्त पालक त्यावरच भाळले. दहावीला शास्त्रीय नृत्यासाठी वाढीव गुण मिळतात, ही गोष्ट खरी आहे. पण त्यासाठी शासनाने मान्य केलेल्या संस्थेच्या परीक्षा लागतात, आणि प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. उदाहरणार्थ, मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा घ्या. आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, अशा पायऱ्या आहेत. परीक्षांची सत्रं वर्षातून दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. फॉर्म कितीतरी आधी, मान्यताप्राप्त केंद्रातून भरावा लागतो. मे महिन्यात शिकायला सुरुवात करून त्याच मेमध्ये परीक्षेला बसता येत नाही, आणि पहिल्याच पायरीवर गुणही मिळत नाहीत. आमच्याकडून 1,200 रुपये घेऊन जे हाती दिलं, त्यावर सोनेरी किनार होती, दोन सह्या होत्या, एक अशोकस्तंभासारखं दिसणारं चिन्ह होतं आणि कुठल्याही परीक्षा मंडळाचं नाव नव्हतं. लावणी, हिप-हॉप, कंटेंपररी, सगळ्यांचा उल्लेख एकाच कागदावर. असा कागद शाळेतले सर बघतही नाहीत.

पोशाखाची गंमत वेगळी. लावणीच्या नऊवाऱ्या आल्या त्या घामट वासाच्या, सेफ्टीपिनांनी आवळलेल्या. लेकीच्या नऊवारीच्या आतल्या बाजूला शाईने आकडा लिहिलेला होता. तो ड्रेपरीवाल्याचा, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्याचा, नंबर. म्हणजे माल भाड्याचा, आणि पैसे मात्र शिवून देतो म्हणून घेतलेले. त्यावर विचारलं तर, "ताई, स्टेजवर कुणाला कळणार आहे?"

मी एका कारखान्यात हिशेब बघते. त्यामुळे पावतीपाशी अडले. पावती म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. त्यात फीवर 18 टक्के जीएसटी लावलेला आणि खाली जीएसटी नंबर. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. यांचा चौदाच अक्षरांचा होता. "प्रिंटिंग मिस्टेक आहे, मॅडम." सुधारून नवीन पाठवा म्हटलं, ती अजून आलेली नाही. छोट्या क्लासला जीएसटी नोंदणी नसणं हा गुन्हा नव्हे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर ती लागतही नाही. पण मग तो करही घेता येत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते एका मिनिटात दिसतं. फी देण्याआधी एवढं तरी बघाच. यूपीआयवर पैसे पाठवताना जे नाव झळकतं, तेही पाहा. इथे क्लासचं नाव एक, संचालकांचं दुसरं आणि खात्यावरचं तिसरंच होतं.

समारोपाची तारीख आधी 25 मे, मग 31 मे, मग "पावसाचा अंदाज बघून" जून. दरम्यान प्रत्येक मुलामागे चार पास घरच्यांच्या गळ्यात मारून झाले होते. शेवटी एका मुलाचे आजोबा कलामंदिराच्या बुकिंग खिडकीवर गेले. नाट्यगृह महापालिकेचं आहे, तिथे विचारायला कुणाला बंदी नाही. या नावाने एकही तारीख घेतलेली नव्हती. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहायचं असं झालं. दोन दिवसांनी हॉलला कुलूप. सोसायटीचे सचिव म्हणाले, "आमच्याकडे भाडं मेच्या मध्यापर्यंतचंच भरलंय."

आता सुट्टीपुरत्या क्लासचा खरा फायदा कुणाला, ते बघा. शंका यायला तीन आठवडे जातात, खात्री पटते तोवर शाळा सुरू. वह्या, कव्हरं, गणवेश, व्हॅन. आमच्या बैठकीला सुरुवातीला वीस पालक होते, पुढच्या वेळी सात. "सात-आठ हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार?" हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी. संचालकाचा सगळा हिशेब याच वाक्यावर बांधलेला असतो, तो नाचावर नसतो.

उरलेल्यांनी पोलीस ठाण्यात एकत्र अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच हातात असल्याशिवाय तिथून निघू नका. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाचीही माहिती काढली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेची पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, वकील नसला तरी चालतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडलं ते एवढ्यावरच की तक्रारीत समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि आमच्याकडे पत्ता होता तो भाड्याच्या हॉलचा.

पोलिसांनी खात्यावरच्या नावाच्या माणसाला बोलावल्यावर ज्यांनी यूपीआयने दिले होते त्यांना पोशाखाचे आणि परीक्षेचे पैसे परत मिळाले. मूळ फी नाही. "क्लास तर झाला ना," असं म्हणणं. रोख देणाऱ्यांना काहीच नाही. त्यांतल्या दोघी धुणी-भांडी करणाऱ्या बायका होत्या. मुलींसाठी त्यांनी हप्त्याने पैसे भरले होते, आणि संचालकांनी त्यांच्या हातावर साधी चिठ्ठीही ठेवली नव्हती. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी नवं पत्रक आलं. नाव वेगळं, हॉल स्टेशनच्या पलीकडे पश्चिमेला, शैली आता सहा, कारण गरबा वाढला आहे. फोटो आमच्याच मुलांचे, पहिल्या आठवड्यातले, आणि पुढच्या रांगेत माझी लेक. फोटो काढून टाका म्हणून आम्ही पालकांनी लेखी कळवलं आहे आणि तीच प्रत पोलीस ठाण्यातल्या अर्जाला जोडली आहे. जाऊबाईंनी नवीन पालक म्हणून त्या नंबरवर फोन केला. कथक कोण शिकवणार, त्यांचं शिक्षण कुणाकडे झालं, एवढं विचारलं तोवर आवाज गोड होता. परीक्षा कुठल्या मंडळाची, केंद्र क्रमांक काय, असं विचारल्यावर "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. पश्चिमेला कुणाच्या घरी ते पत्रक पडलं असेल, तर हेच दोन प्रश्न विचारून बघा.