नाशिकची एका दिवसाची वाईन टूर: पैसे वाईनचे दिले, वसूल चापडगावात झाले

आधीच सांगतो, मी नाशिकचाच. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथलं, आणि तरी नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य मी आजवर पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, त्र्यंबक आणि संध्याकाळी एखाद्या वायनरीत फोटो काढून घरी, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. यावेळी कोल्हापूरहून ताई आणि दाजी आले आणि ताईनेच मोबाईलवर ही निसर्ग, वारसा आणि वाईन अशी एका दिवसाची टूर शोधली. मी म्हटलं अगं आपल्याच गावात गाईड लावून फिरायचं म्हणजे लोक हसतील, पण तोवर तिने चौघांचे पैसे भरले होते, माणशी ३२००. चौथी आमची आई. वय ६८, एकादशी न चुकवणारी, आणि चालली वाईन टूरला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि नाशिकमध्ये कोण कुणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही.

तारीख जानेवारीचा शेवटचा शनिवार. ही वेळ मात्र एकदम बरोबर, कारण थंडीतले पाहुणे पक्षी आलेले असतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणीही सुरू झालेली असते. पावसाळ्यात ही टूर घेतली तर हिरवंगार मस्त दिसेल पण द्राक्ष नाही आणि पक्षीही फार नाहीत. आणि हो, तारीख धरताना ड्राय डे बघून घ्या, २६ जानेवारीच्या जोडून सुट्टीत बुकिंग करणारे बरेच फसतात.

पिकअप सव्वापाचला सांगितला होता, गाडी आली पावणेसहाला. टेम्पो ट्रॅव्हलर, आम्ही चौघं धरून नऊ जण. स्वच्छ होती, सीट बऱ्या होत्या, पण मागच्या खिडकीची काच पूर्ण लागत नव्हती आणि निफाडची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात जो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो ना, ते इथलंच निफाडचं. दाजींनी कोल्हापूरच्या हिशोबाने एक हाफ जॅकेट आणलं होतं. शेवटी आईची शाल दाजींच्या अंगावर आणि आई माझ्या जर्किनमध्ये, असा आमचा हेरिटेज प्रवास सुरू झाला.

पण गाईड हिरा निघाला. तिशीतला मुलगा, निफाड तालुक्यातल्याच द्राक्षवाल्या घरचा, माईक नाही, पाठ केलेलं भाषण नाही. रस्त्याच्या कडेला काही बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवून धूर केलेला दिसला, तर ताईला वाटलं कचरा जाळतायत. तो म्हणाला, "नाही ताई, तयार मण्याला थंडी लागली की तडे जातात, मग वर्षभराची मेहनत व्यापारी निम्म्या भावात मागतो. पहाटे ड्रिप सोडायचं, धूर करायचा, झोप गेली तरी चालेल." आणि मग त्याने गाडी थांबवून आम्हाला खरोखर एका बागेत नेलं, ओळखीच्या माणसाची होती.

तिथे जे कळलं ते मला चाळीस वर्षं नाशिकमध्ये राहून माहीत नव्हतं. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, पण पीक एकच. कारण युरोपात कडक थंडीने वेल आपोआप झोपी जातो, आपल्याकडे त्याला झोपायला थंडीच पुरेशी नाही, म्हणून एका छाटणीने काडी तयार करायची आणि दुसरीने फळ आणायचं. आपण खातो ते थॉमसन, सोनाका वगैरे, त्याला जीए म्हणून संजीवक देऊन मणी लांब आणि फुगीर करतात. वाईनच्या द्राक्षाला उलट, मणी बारीकच पाहिजे, साल जाड, आत बी, आणि साखर जास्त. रेड वाईनचा रंग सालीतून येतो, गराचा रस जवळपास पांढराच असतो, हे त्याने मणी फोडून दाखवलं नसतं तर मी पैज हरलो असतो.

गाईडच्या काकांनी पण वाईनची बाग लावली होती. २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, मोठ्या वायनरीचं नाव देशभर होत होतं, तर जो तो वाईनचा वेल लावायला लागला. मग २००८-०९ च्या मंदीत माल पडून राहिला, वायनऱ्या द्राक्ष उचलेनात, आणि हे द्राक्ष काही बाजारात नेऊन किलोवर विकता येत नाही, बियांचं आंबटगोड बारीक द्राक्ष घेणार कोण. काकांनी बाग कुऱ्हाडीने तोडली, पुन्हा थॉमसन लावलं. एवढं सांगून तो दोन मिनिटं गप्प होता, आम्हीही. वाईन टूरवाला गाईड हे सांगेल असं वाटलं नव्हतं. कुठल्याही टेस्टिंग रूममध्ये हे कुणी सांगत नाही.

आता नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा, इथून कोपरगाव राहात्याकडे कालवे जातात. एवढ्या वर्षांत मागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं, जे धरणाच्या दृष्टीने वाईट आणि पक्ष्यांच्या दृष्टीने सोनं. जानेवारी २०२० मध्ये याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते हेच. आम्ही चापडगावच्या बाजूने गेलो, तिथे गावातलीच पोरं गाईड म्हणून येतात, एक जण ट्रायपॉडवरची दुर्बीण घेऊन आमच्याबरोबर आला.

टूरच्या जाहिरातीत "प्रत्येकाला दुर्बीण" लिहिलं होतं. नऊ जणांत दोन निघाल्या, त्यातली एक सारखी धूसर व्हायची. ज्यांच्याकडे आहे त्यांनी घरून आणा.

पण मजा बघा, ज्या आईला आम्ही "तू गाडीत बसून राहा हवं तर" म्हणत होतो तिने मनोऱ्यावरून उतरायलाच नकार दिला. पोराने सांगितलं, "मावशी, तो काळा पक्षी बघा, कपाळावर पांढरा टिळा, याला आम्ही वारकरी म्हणतो." झालं. पाण्यावर शेकड्याने वारकरी तरंगत होते, आई म्हणाली ही तर आषाढीची चंद्रभागा झाली. मग तिला दिसलं हळदीकुंकू बदक, चोच काळी, टोकाला पिवळी आणि मुळाशी दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्या बाईला साडी नेसवली पाहिजे म्हणाली, नाव बाईनेच ठेवलं असणार यात तिला शंका नव्हती. थापट्या, तलवार बदक, चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालणारा चमचा, केशरी रंगाचे चक्रवाक जे हिमालयापलीकडून येतात, आणि जांभळी पाणकोंबडी, जी इतकी भडक आहे की दाजी म्हणाले हिला कुणी रंगवलीय का. अचानक एक दलदल हारिन, म्हणजे शिकारी पक्षी, खाली आला आणि सगळे वारकरी एकदम फडफडत पाण्यावरून पळत सुटले, तो आवाज, टाळ्या वाजवल्यासारखा, अजून कानात आहे. फ्लेमिंगो मात्र नाही दिसले. पोराने आधीच सांगितलं, "आज नाहीयेत, खोटं कशाला बोलू." हे आवडलं. दीड तास ठरला होता, आम्ही अडीच तास काढले आणि पुढचं सगळं वेळापत्रक इथेच कोसळलं, त्यात आमचाही वाटा आहे हे प्रामाणिकपणे सांगतो.

नाश्त्याला मिसळ, टूरमध्ये धरलेली. बरी होती. दाजींनी दोन घास खाऊन "रस्सा चांगला आहे, पण तिखट नंतर देणार आहेत का" असं विचारलं, त्यावर ताई त्यांच्याशी सिन्नर येईपर्यंत बोलली नाही.

सिन्नरला गोंदेश्वर. मी कंपनीच्या कामाने एमआयडीसीत शंभर वेळा गेलोय आणि हे देऊळ एकदाही पाहिलं नाही, लाज वाटली. यादवांची राजधानी आधी सिन्नरला होती, देवगिरी नंतरची, आणि हे देऊळ त्याच काळातलं, काळ्या दगडाचं, उंच जोत्यावर पाच देवळांचा संच, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे खालून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगाच रांगा चढत जातात. गाईडने सांगितलं की लांबून नका बघू, एक रांग धरा आणि बोटाने मोजत वर जा. तसं केल्यावर कळतं की बनवणाऱ्याने किती डोकं लावलंय. खाली जोत्याला हत्तींची रांग, समोर नंदीचा मंडप. दुपारी एक वाजता दगड तापलेला होता आणि चप्पल बाहेर, तेव्हा पाय भाजले, मोजे घेऊन जा. इथे जेमतेम पस्तीस मिनिटं मिळाली. एवढ्या मोठ्या गोष्टीला पस्तीस मिनिटं आणि पुढे वाईनला दोन तास, हे गणित टूरवाल्यांनी बदलायला पाहिजे.

जेवण टूरमध्ये नाही, हे बारीक अक्षरात लिहिलेलं. वायनरीवर पोचलो सव्वातीनला, तिथल्या रेस्टॉरंटचे भाव बघून आईने डब्यातल्या दशम्या काढल्या आणि सिक्युरिटीवाल्याने बाहेरचं चालत नाही म्हणून सांगितलं. बरोबर आहे त्याचं, पण टूरवाल्यांनी आधी सांगायला नको? शेवटी पार्किंगमध्ये गाडीच्या दारात बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि खरं सांगू, दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण तेच.

वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूची, लहानशी, नाव याचंही नको. सुला १९९९ मध्ये याच पट्ट्यात सुरू झाली आणि मागोमाग बऱ्याच आल्या, त्यातलीच एक. टाक्या, प्रेस, लाकडी पिंपं बघायला छान वाटतं. पांढऱ्या वाईनला साल काढून थंड टाकीत आंबवतात, लालला सालीसकट, हे सकाळी बागेत समजलेलं इथे समोर दिसलं म्हणून मला तरी जोड लागली. बाकीच्या ग्रुपमधले दोघं फोनवर होते. इथला माणूस इंग्रजीत पाठ केलेलं बोलत होता, आईने मराठीत विचारलं की "एका बाटलीला किती द्राक्षं लागतात", तर आधी हसला आणि मग म्हणाला अंदाजे किलोभर. हसायचं काय त्यात? दिवसभरातला सगळ्यात सरळ प्रश्न होता तो.

जाहिरातीत सात वाईन, आल्या पाच, "दोन स्टॉकमध्ये नाहीत". शेनिन ब्लाँ मला आवडली, हलकी, थोडी गोडसर. सोव्हिन्यॉन ब्लाँला कच्च्या ढोबळीसारखा वास येतो असं तो म्हणाला आणि दाजींना तो लगेच आला, त्यानंतर त्यांना सगळ्याच ग्लासात ढोबळी मिरची यायला लागली. शिराझ बरी. आई पीत नाही हे बुकिंगमध्ये लिहिलं होतं, तरी तिचे पूर्ण पैसे घेतले आणि बदल्यात साधा द्राक्षाचा रस पण नाही. द्राक्षाच्या गावात! ही माझी मुख्य तक्रार. टूरवाल्यांना मेसेज केला, "पुढच्या वेळी लक्षात ठेवू" एवढंच उत्तर आलं, पैशाचा विषय टाळला.

आणि पांडवलेणी. यादीत होती. परत सोडताना पाथर्डी फाट्याजवळ ड्रायव्हरने काच खाली करून डोंगराकडे बोट दाखवलं, "ती बघा पांडवलेणी." संपलं दर्शन. चोवीस लेणी, बौद्ध, पांडवांचा काही संबंध नाही, तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा शिलालेख, आणि हे आम्हाला गाडीच्या खिडकीतून. दुसऱ्या दिवशी मी दाजींना स्वतः घेऊन गेलो, पायऱ्या चढताना शालीशिवाय घाम फुटला त्यांना.

पाचपैकी साडेतीन देतो. त्यातले तीन त्या गाईडचे आणि चापडगावच्या पोराचे. घ्यायची असेल तर बुकिंगच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारा: गाईड कोण येणार, पांडवलेणीला खरंच उतरवणार का, जेवणाचं काय, आणि न पिणाऱ्याचे किती कमी करणार. आणि घरात आईसारखं कुणी असेल तर जरूर न्या. आमच्याकडे आता गॅलरीत साळुंकी जरी आली तरी "थांब, ओळखते" असं चालू आहे, आणि ताईने तिला दुर्बीण पाठवलीय.