साडेआठशेचा मल्टिमीटर, नऊ महिने आणि चिपळूणचा पाऊस

गेल्या जूनमध्ये मी साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं छोटं यंत्र) घेतला, साडेआठशे रुपयांचा. त्याच्या तीनच आठवडे आधी गाडीत नवी बॅटरी टाकली होती, तरी सकाळी सातच्या शिफ्टला निघताना सेल्फ दाबला की नुसती ‘टिक’. किक मारली की गाडी पहिल्या झटक्यात चालू.

माझी गाडी म्हणजे १५० सीसीची मोटरसायकल, कार्ब्युरेटरवाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती टाकीपर्यंत पाण्यात होती. इंजिन उघडून साफ केलं, ऑइल दोनदा बदललं, पण वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडांमध्ये, शिरलेला गाळ कोण काढणार? चिपळुणातल्या कितीतरी गाड्यांची दुखणी तिथूनच सुरू झाली आहेत. गॅरेजवाल्याने सेल्फचा आवाज ऐकला आणि म्हणाला, “दादा, बॅटरी गेली.” फसवायचा हेतू नव्हता त्याचा. दहातल्या सात गाड्यांना त्याचं निदान लागू पडतही असेल. माझ्या गाडीला नाही पडलं, आणि चौदाशे रुपये गेले.

मीटर आल्यावर पहिल्याच रविवारी बसलो. मीटरचे दोन्ही प्रोब, म्हणजे वायरींची टोकदार टोकं, बॅटरीला लावले: १२.७ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. आता प्रोब तसेच धरून सेल्फ दाबायचा. बॅटरी खचलेली असेल तर आकडा धाडकन नऊच्या खाली येतो. माझा १२.६ वर थांबला. सगळं कोडं इथेच सुटलं, असं मी म्हणेन. सेल्फची मोटर भरपूर अँपिअर ओढते. आकडा पडतच नाही, याचा अर्थ मोटरपर्यंत काही पोचतच नाही. बॅटरी बिचारी तयार उभी आहे, रस्ता मध्येच तुटला आहे.

मग रिले, म्हणजे सेल्फ दाबला की बॅटरी मोटरला जोडणारा स्विच. त्याच्या दोन जाड बोल्टवर एकेक प्रोब ठेवला. सेल्फ न दाबता १२.७ दिसले, ते बरोबरच आहे. दाबल्यावर तो आकडा शून्याच्या जवळ यायला हवा, कारण आतले पॉइंट जुळले की दोन्ही बोल्ट एक होतात. ‘टिक’ ऐकू आली आणि आकडा १२.५. पुन्हा दाबला, तेच. म्हणजे रिलेची कॉइल ओढते, आवाज येतो, पण आतले पॉइंट जळलेले. नवा रिले साडेतीनशेला मिळाला. बसवल्यावर सेल्फ दाबताना बॅटरी १०.९ पर्यंत उतरली आणि इंजिन गरगर फिरलं. त्या आवाजाने मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आधी हे मोजलं असतं तर ती जुनी बॅटरी आणखी वर्षभर चालली असती.

दुसरं दुखणं ऑगस्टमध्ये आलं आणि ते जास्त छळणारं होतं. लोट्याहून परत येताना परशुराम घाटात गाडी मिसिंग करायची आणि बंद पडायची. वीस मिनिटं थांबलं की चालू. गॅरेजपर्यंत पोचेपर्यंत गाडी ठणठणीत, त्यामुळे दाखवणार काय? प्लग नवा टाकला, कॅप बदलली, काही फरक नाही. शेवटी मीटर सीटखाली ठेवायला लागलो. एका संध्याकाळी गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून, कॅपमध्ये बसवून, त्याचं लोखंड हेडला टेकवून किक मारली. ठिणगी नाही. लगेच पल्सर कॉइलचा (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी कॉइल) कपलर सोडून तिच्या तारेचा रोध ओहमवर मोजला. घरी थंड असताना २१० आले होते, पुस्तकातल्या मर्यादेत. आता मीटर ‘ओएल’ दाखवत होता, म्हणजे तार आतून तुटलेली. अर्धा तास आडोशाला बसलो, परत मोजलं, तर २१२. तापल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. त्यामुळे सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, इशाराच मिळत नव्हता. गार असताना शंभरदा मोजलं असतं तरी हे सापडलं नसतं. बिघाड चालू असतानाच मोजायला हवं, एवढं मी त्या घाटात शिकलो. (आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमच्या गाडीचे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.)

आता मीटरबद्दल. प्रोबची टोकं जाड आहेत, कपलरच्या मागच्या बाजूने आत जात नाहीत. मी टाचणी सरकवून तिला प्रोब लावतो. लाइट नाही, त्यामुळे पावसाळी संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.४ ओहम दाखवतो, म्हणून इग्निशन कॉइलची प्रायमरी (आतली जाड तार, तिचे ओहम मुळातच थोडे) मोजताना तेवढे वजा करतो. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरजवळ नेला तर आकडे नाचतात. प्लगचे व्होल्ट मात्र या मीटरने मोजायचे नाहीत, ते हजारोंत असतात, मीटर जळेल.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तो आपोआप बंद होत नाही. डिसेंबरमध्ये बंद गाडीच्या बॅटरीवर चक्क १३.९ दिसले. दोन दिवस मी रेग्युलेटरच्या, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या भागाच्या, मागे लागलो होतो. खरं कारण मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली होती, आणि ती उतरली की हा मीटर आकडे फुगवून दाखवतो. कोपऱ्यातलं बॅटरीचं बारीक चिन्ह माझ्या नजरेतून सुटलं होतं. ती बदलली आणि आकडा १२.६ वर आला.

गाडी नीट चालत असतानाचे सगळे आकडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून साइड कव्हरच्या आत चिकटवले आहेत: बंद असताना १२.७, सेल्फ दाबताना १०.९, रेस दिल्यावर चार्जिंग १४.१, पल्सर २१०. गेल्या रविवारी सेल्फ दाबताना १०.५ आले. अजून चिंतेचं नाही, पण नोंद केली आहे. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, पुन्हा मोजणार.