बारा रंगांची पेटी, आणि जांभळ्याचा चिखल
तिसरीच्या वर्गासाठी ही पोस्टर कलरची पेटी घेतली. पिवळा झकास! त्यात निळ्याचा थेंब पडला की असा पोपटी खुलतो, पोरं "बाई, बघा बघा" करत अंगावर येतात. रडगाणं लालचं. तो शेंदरीकडे झुकणारा, त्यामुळे निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी चिखल. एका मुलीने वांगं रंगवायला घेतलं आणि शेवटी मुकाट्याने त्याचा बटाटा केला. (अक्कल तिची, माझी नव्हे.) स्वच्छ जांभळ्यासाठी मजेंटा लागतो, तो पेटीत नाही, तपकिरी मात्र दोन-दोन! झाकणं इतकी घट्ट की तासाची पहिली दहा मिनिटं मीच उघडत बसते. सोबतचा ब्रश केस गाळतो, तो आता ठसे उमटवायला. गणवेशावरचे डाग साध्या पाण्याने निघाले, म्हणून तीन तारे.