एक फाइल, तीन मॉड्यूल: कंपायलर प्लगइन वेबपॅकसाठी लिहायचं, रोलअपसाठी की ईएसबिल्डसाठी?

समजा तुमचा स्वतःचा एक फाइल-प्रकार आहे. टेम्प्लेट, स्क्रिप्ट आणि स्टाइल, सगळं एकाच फाइलमध्ये. त्याचं जावास्क्रिप्ट करणारा कंपायलरही लिहून झालाय. आता तो बंडलरला (वेबपॅक, रोलअप, ईएसबिल्डसारखं, सगळ्या फाइल्स ब्राउझरसाठी एकत्र बांधणारं साधन) जोडायचा, एवढंच उरलंय असं वाटतं आणि नेमके तिथेच आठवडे जातात. बंडलरच्या लेखी एक फाइल म्हणजे एक मॉड्यूल. तुमच्या फाइलमधून मात्र तीन निघायला हवीत.

यावरची युक्ती व्ह्यू या फ्रंटएंड फ्रेमवर्कच्या प्लगइन्समुळे रुळली. मूळ फाइलच्या जागी चार ओळींचं जावास्क्रिप्ट द्यायचं. त्यात त्याच फाइलचे पुन्हा इम्पोर्ट, फक्त प्रत्येक नावाच्या शेपटीला प्रश्नचिन्ह आणि ‘मला टेम्प्लेट हवंय’, ‘मला स्टाइल हवीय’ अशी खूण. नाव वेगळं म्हणून मॉड्यूल वेगळं. युक्ती सगळीकडे तीच, पण ती अमलात आणायला किती खटपट पडते, यावर माझी निवड ठरते.

वेबपॅकमध्ये काम दोघांत वाटलेलं असतं. लोडर एका फाइलचा मजकूर घेतो आणि बदलून पुढे देतो. साखळी उजवीकडून डावीकडे चालते. प्लगइन म्हणजे अप्लाय ही मेथड असलेला ऑब्जेक्ट, जो टॅपेबल या लायब्ररीच्या हुकांना (बिल्डच्या ठरावीक टप्प्यांवर आपला कोड अडकवायच्या जागा) जाऊन चिकटतो. आता अडचण बघा. शेपटीवाल्या स्टाइलच्या विनंतीला वापरणाऱ्याने सीएसएस फाइल्ससाठी कॉन्फिगमध्ये लिहिलेले नियम लागू व्हायला हवेत, पण फाइलचं एक्स्टेंशन तर तुमचं आहे. म्हणून व्ह्यू-लोडरसोबत एक प्लगइन येतं. ते सुरुवातीलाच कॉन्फिगमधल्या नियमांच्या प्रती काढतं आणि त्या शेपटीवरच्या खुणेला जोडतं. शिवाय ‘पिचर’ नावाचा एक लोडर असतो. मुख्य फेरीच्या आधी डावीकडून उजवीकडे जी ‘पिच’ फेरी होते, तिच्यात तो लोडरांची साखळी नव्याने मांडतो. हुशारी आहे, वाद नाही. पण पहिल्यांदा वाचताना मी दोनदा फाइल बंद करून चहा घेतला होता.

रोलअपमध्ये हेच काम तीन हुकांत संपतं: रिझॉल्व्हआयडी, लोड आणि ट्रान्सफॉर्म. शेपटीसकट नाव आलं की लोड हुक आधीच पार्स करून ठेवलेल्या फाइलमधून तेवढाच तुकडा काढून देतो. व्हीट या रोलअपच्याच धर्तीच्या बिल्ड साधनाच्या व्ह्यू प्लगइनमध्ये एक छोटीशी खुबी आहे: स्टाइलच्या नावाचा शेवट मुद्दाम ‘डॉट सीएसएस’ असा केलेला असतो, त्यामुळे पुढचं सीएसएसचं यंत्र ते नाव बघूनच आपलं काम उचलतं. नियमांच्या प्रती नकोत, पिचर नको. व्हीट याच हुकांवर आपले काही खास हुक वाढवतं, त्यामुळे एकदा लिहिलेलं बरंचसं दोन्हीकडे चालतं.

ईएसबिल्डचं इंजिन गो भाषेत लिहिलेलं आहे आणि प्लगइन जावास्क्रिप्टमध्ये, त्यामुळे प्रत्येक हाकेला सीमा ओलांडावी लागते. म्हणूनच ऑनरिझॉल्व्ह आणि ऑनलोड या दोन्हींना फिल्टरची रेग्युलर एक्स्प्रेशन सक्तीची आहे. ती गोच्या बाजूला तपासली जाते आणि नको त्या फाइलसाठी जावास्क्रिप्टला उठवलं जात नाही. पण ट्रान्सफॉर्म नाही, साखळी नाही. ज्या ऑनलोडने आधी उत्तर दिलं, फाइल त्याची. स्टाइलमध्ये सॅस (सीएसएसमध्ये रूपांतर करावी लागणारी भाषा) असेल तर ते तुम्हीच कंपाइल करून द्यायचं. सिंटॅक्स ट्री, म्हणजे पार्स केलेल्या कोडचं झाड, तर हाताला लागतच नाही.

मग वेबपॅक कशासाठी? खोलीसाठी. त्याच्या पार्सरलाही हुक आहेत, म्हणून एखादं विशिष्ट नाव कोडमध्ये दिसलं की तिथल्या तिथे हस्तक्षेप करता येतो. डिफाइन प्लगइन तसंच चालतं. वेबपॅकचा स्वतःचा कंपायलर ऑब्जेक्ट एकदाच बनतो, कंपायलेशन मात्र प्रत्येक रिबिल्डला नवं, आणि त्याच्या टप्प्याटप्प्यावर शिरायला जागा आहे. तुमच्या कंपायलरला अख्ख्या प्रोजेक्टच्या ग्राफमध्ये हात घालायचा असेल तर इथे अडवणारं कोणी नाही. नुसतं एका फाइलचं रूपांतर करायचं असेल तर एवढा पसारा मी तरी मांडणार नाही.

कॅशबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय. लोडरमध्ये प्रत्येक फाइलची स्टाइल एका मॅपमध्ये गोळा करायची आणि शेवटी प्लगइनमधून एकत्र लिहून काढायची, असं साधं डोकं लावलं होतं. पहिलं बिल्ड झकास. दुसऱ्या बिल्डला स्टाइलची फाइल रिकामी! वेबपॅक ५ ची डिस्कवरची कॅश चालू होती. मॉड्यूल थेट कॅशमधून आलं, लोडर चाललाच नाही, मॅप कोरा. अशी माहिती मॉड्यूलच्या बिल्डइन्फोमध्ये ठेवायची असते, म्हणजे ती मॉड्यूलबरोबरच साठवली जाते आणि परत येते. रोलअपमध्येही वॉच मोडला (फाइल बदलली की आपोआप पुन्हा बिल्ड) हाच सापळा आहे, पण तिथे ट्रान्सफॉर्ममधून ‘मेटा’ परत करता येतो. त्यात जेसनमध्ये मावेल एवढंच ठेवा. कॅश तो जपते.

नव्या इंजिनांची धास्ती नको. रस्ट भाषेतलं आरएसपॅक वेबपॅकचे हुक पाळतं, रोलडाउन रोलअपचे. रोलडाउनने तर हुकांना फिल्टरही दिलेत, कारण सीमा ओलांडण्याचा खर्च तिथेही आहेच. आणि वेबपॅक, रोलअप, व्हीट, ईएसबिल्ड अशा चारही ठिकाणी जायचंच असेल तर एकच प्लगइन सगळीकडे चालवणारं अनप्लगइन आहे, पण हॉट रिलोडसारखी (पान न उघडता बदल दाखवणारी) कामं शेवटी प्रत्येक बंडलरसाठी वेगळी लिहावी लागतात.

सोर्स मॅप (तयार कोडची ओळ मूळ फाइलच्या कोणत्या ओळीतून आली ते सांगणारा नकाशा) वेबपॅकमध्ये कॉलबॅकचा तिसरा आर्ग्युमेंट, रोलअपमध्ये कोडसोबत, ईएसबिल्डमध्ये मजकुराच्या शेवटी कॉमेंटमध्ये कोंबून. निवड पक्की करण्याआधी स्क्रिप्टच्या मधल्या एखाद्या ओळीत मुद्दाम चूक करा आणि ब्राउझर कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो ते बघा.