चेनवालं स्वॅडल, साइज ‘नवजात’: एक तारा कापलाय तो पट्टीसाठी

स्वॅडल, म्हणजे बाळाला हातांसकट गुंडाळून झोपवायची पिशवी, चांगलं आहे, हे आधीच सांगते. कापड, चेन, शिवण, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. भांडण आहे ते मानेमागच्या पट्टीवरच्या एका ओळीशी. ‘नवजात, ० ते ३ महिने, ३ ते ५.५ किलो.’ तिन्ही गोष्टी एकाच बाळाला एकाच वेळी लागू पडतात असं लिहिणाऱ्याला वाटत असावं. आमच्या लेकीला त्या तशा कधी पडल्या ते सांगते.

ती जन्मली २ किलो ९०० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी २ किलो ७००. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. सातेक टक्के उतरलं तर डॉक्टर फारसं मनावर घेत नाहीत, दहाच्या घरात गेलं की लक्ष घालतात, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ते भरून काढतात. हे मला आधी माहीत असतं तर त्या दिवशी काट्यावरचा आकडा बघून मी रडले नसते. असो. घरी आल्याबरोबर हौसेनं स्वॅडल चढवलं, तर गळा इतका ढगळ की तिनं हनुवटी खाली केली आणि कापड थेट ओठांवर. तत्क्षणी काढलं. झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडावर कापड येता कामा नये, यात ‘चालतंय की’ला जागाच नाही.

म्हणजे ‘नवजात’ लिहिलेली वस्तू नवजात बाळाला होत नव्हती. तीन किलोचा काटा ओलांडायला आम्हाला सोळावा दिवस उजाडला. तोवर साधं दुपटं. ते मी कितीही नीट गुंडाळलं तरी ती दहा मिनिटांत एक हात बाहेर काढून मोकळी.

स्वॅडल कशासाठी लागतं, हे मला त्या दुपट्याच्या रात्रींमध्ये कळलं. गाढ झोपलेली असायची. कुठे दार वाजलं, किंवा मी खाली ठेवताना तिचं डोकं अर्धा इंच मागे गेलं, की दोन्ही हात एकदम फाकायचे, दहाही बोटं ताठ, तळहात उघडे. क्षणभर तशीच. मग हात हळूहळू छातीशी, कशाला तरी मिठी मारल्यासारखे. त्यानंतर भोकाड. डॉक्टर याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९१८ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. साधारण चार ते सहा महिन्यांत तो आपोआप मावळतो. तोवर बाळ स्वतःच्याच हातांनी दचकून उठतं, आणि त्याबरोबर घरही.

सोळाव्या रात्री स्वॅडल घातलं. हात उडू पाहायचे, कापडाच्या आत जेमतेम हलायचे आणि परत शांत. सलग पावणेतीन तास झोपली. त्यातला अर्धा वेळ मी तिचा श्वास चालू आहे ना हे बघण्यात घालवला, तो माझा दोष, स्वॅडलचा नाही.

आता वस्तूबद्दल. चेन दोन्हीकडून उघडते. रात्री डायपर बदलायला फक्त खालचा भाग उघडायचा, छाती-हात झाकलेलेच राहतात. एवढ्यासाठीच मी हे दहा जणींना सुचवेन. आधी मैत्रिणीनं वापरायला दिलेलं वेल्क्रोचं होतं. रात्री तीनला तो चर्रर्र आवाज काढून बघा, मग बोलू. चेनीचं वरचं टोक हनुवटीखाली कापडाच्या टोपीत लपतं. माझ्या आईनं जन्मभर शिवणकाम केलंय. तिनं स्वॅडल उलटं करून खिडकीपाशी नेलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “शिवण चपटी घेतलीये, टोचायची नाही. पण ही पट्टी कशाला ठेवली मानेत?” खरंच, पट्टी कडक होती आणि मानेवर लाल वळ उठला होता. आईनं ती उसवली आणि बाहेरच्या बाजूला, पायाकडे टाचून दिली. म्हणूनच ती ओळ मला येताजाता दिसत राहिली.

खालची पिशवी ऐसपैस आहे, हे महत्त्वाचं. पाय आतल्या आत बेडकासारखे दुमडून दोन्ही बाजूंना पडायला हवेत. सरळ, एकमेकांना चिकटवून आवळले तर खुब्यांना त्रास होऊ शकतो. छाती घट्ट, कंबर मोकळी, आणि छातीपाशीही आपली दोन बोटं आत जायला हवीत. झोपवायचं फक्त पाठीवर. आत कपड्यांचा थर एकच; मानेमागे हात लावून बघायचा, घाम असला तर जास्त झालंय. याच कंपनीचं वजन भरलेलं स्वॅडलही आहे, ते मी घेतलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ च्या सूचनांमध्ये असली वजनदार स्वॅडल वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय.

अठ्ठाविसावा दिवस तपासणीचा होता. वजन ३ किलो ४००. डॉक्टर नोंद करता करता म्हणाले, “चला, नवजात काळ संपला.” जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पहिले २८ दिवसच नवजात, त्यानंतरचं बाळ शिशू. मी पायाकडची पट्टी बघितली. तिच्या मते अजून दोन महिने बाकी होते. आई म्हणाली, “नवजात नसेल, तान्ही आहे ना अजून?” यावर डॉक्टरांकडेही उत्तर नव्हतं. हिशोब केला तर ‘नवजात’ स्वॅडल लेकीनं नवजात असताना जेमतेम बारा दिवस घातलं, आणि नवजात नसताना जवळजवळ सहा आठवडे.

मला विचाराल तर अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवसात मला काही फरक दिसला नाही. नाळेचा तुकडा नवव्या दिवशीच गळून पडला होता. रडणं उलट वाढतच गेलं, सहाव्या आठवड्यात कळस. बहुतेक बाळांचं तेव्हाच असतं म्हणतात. मग सातव्या आठवड्यात एका पहाटे चेन उघडत होते. ती माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. आधी झोपेत ओठ वाकडे व्हायचे तसं नाही, नीट माझ्याकडे बघून हसली. मी चेन अर्धी सोडून नवऱ्याला उठवलं. तो येईपर्यंत ती जांभई देत होती. माझ्या वहीत ‘नवजात संपलं’ त्या तारखेला लिहिलंय, डॉक्टर काही म्हणोत.

आणि दहाव्या आठवड्यात, ४ किलो ६०० ला, दिवसा चटईवर मोकळी पडलेली असताना तिनं पाय वर उचलले, कंबर वळवली आणि कुशीवर गेली. तिथेच अडकली आणि रागावली. त्या रात्रीपासून हात बांधून झोपवणं बंद. बाळ कूस बदलायचा प्रयत्न करायला लागलं की स्वॅडल थांबवायचं, कारण हात बांधलेले असताना पालथं पडलं तर त्याला डोकं उचलून स्वतःला सोडवता येत नाही. बरीच बाळं हे तीन-चार महिन्यांच्या सुमारास करतात, काही त्याआधीच. पट्टीनुसार आमचे अजून जवळजवळ तीन आठवडे आणि ९०० ग्रॅम शिल्लक होते.

कंपनीला लिहिलं की बाबांनो, ‘० ते ३ महिने’ काढा, खालचं वजन ठळक छापा आणि कूस बदलण्याचं पहिल्या ओळीत घ्या. ते म्हणे आतल्या माहितीपत्रकात आहे. आहे, आठव्या मुद्द्यात, मुंगीच्या अक्षरात. वर पुढची साइज घेण्याचा सल्लाही दिला.

स्वॅडल पंधरा-वीस धुण्यांनंतरही आटलं नाही, चेन एकदाही अडकली नाही. आता ते माझ्या बहिणीकडे चाललंय, तिचे दिवस भरत आलेत. आईनं पट्टी पुन्हा उसवली, मी तिच्या कोऱ्या बाजूवर धुण्यात न जाणाऱ्या शाईनं लिहिलं: ‘तीन किलो झाल्यावर. कूस बदलली की बंद.’ आणि आईनं ती तशीच पायाकडे टाचली, अक्षरं वर येतील अशी.