डेमो किट घेताना बाटल्यांआधी बिल बघा

घरून डायरेक्ट सेलिंग करणाऱ्यांना सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या तीन तऱ्हेची डेमो किट देतात. शेड आणि सुगंध यांची चर्चा सगळीकडे होतेच. इथे किटं पारखली आहेत ती एकाच कसोटीवर: मार्चअखेरीस त्यांचा खर्च आयकराच्या हिशेबात टिकतो का?

सर्वांत उत्तम ते फक्त सॅशेंचं, स्वतंत्र बिलाचं किट. समजा किंमत १,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. जीएसटी नोंदणी नसेल तर वाटलेल्या सॅशेंचे पूर्ण १,१८० रुपये व्यवसायाचा खर्च. नोंदणी असली तरी आकडा तोच येतो, कारण फुकट वाटलेल्या नमुन्यांवर सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. गोंधळ होतो तो इथेच. जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत ते १८० रुपये आपोआप उमटतात आणि भरण्याच्या घाईत क्रेडिट घेतलं जातं. ते जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राच्या तक्ता ४(बी)(१) मध्ये उलटवा आणि खर्चात मिळवा.

दुसरं, मोठ्या ऑर्डरवर 'फुकट' मिळणारं किट. वाटायला छान, पण खिशातून काही गेलंच नाही, तर खर्च कसला दाखवणार? छापील किंमत खर्चात टाकणं सरळ चूक आहे. खरेदीशी न जोडलेल्या भेटी कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर १० टक्के टीडीएसचा नियम लागतो (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९४आर, १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात क्रमांक बदलला आहे). ती रक्कम एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते. विवरणपत्रात ती उत्पन्नात धरावी लागते. त्यातलं जे धंद्यासाठी वापरलं, तेवढं मग खर्चात मागता येतं.

तिसरं कॉम्बो किट आम्ही कुणालाच सुचवणार नाही. दोन मोठ्या बाटल्या, सॅशे, बॅग, कॅटलॉग आणि सगळ्यांची मिळून एकच रक्कम! ३१ मार्चला सीलबंद उरलेली बाटली हा अखेरचा साठा आहे, खर्च नव्हे. घरात वापरलेली बाटली ही वैयक्तिक उचल. खर्च फक्त डेमोसाठी फोडलेल्या आणि वाटलेल्या मालाचा. वस्तूवार किंमत नसेल तर ही फोड करायची कशावरून? कंपनीकडे वस्तूवार बिल मागा. नाहीच मिळालं, तर त्या तारखेच्या वितरक दरपत्रकाच्या प्रमाणात रक्कम वाटा आणि ते दरपत्रक बिलाला टाचून ठेवा.

विक्रीच्या साठ्यातली बाटली डेमोसाठी फोडली, तर आणखी एक घोळ होतो. एमआरपी ६०० आणि खरेदी ४८० असेल, तर खर्च ४८० चाच. पण ते ४८० 'खरेदी'त आधीच बसलेले असतात. जाहिरात खर्चात दाखवायचे तर खरेदीतून तितकेच वजा करा, नाहीतर एकच बाटली दोनदा वजा होते. तपासणीत हे पटकन सापडतं.

पुराव्याला साधी वही पुरते: तारीख, वस्तू, नग, बॅच क्रमांक, कुठे डेमो झाला. 'सॅम्पल वाटले, ५,००० रुपये' अशी वर्षअखेरची एकगठ्ठा नोंद टिकत नाही. किट रोखीने घेत असाल, तर एका दिवसात एकाच विक्रेत्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. मर्यादा ओलांडली, तर त्या दिवशी रोखीने दिलेली पूर्ण रक्कम खर्च म्हणून नाकारली जाते.

आणि विवरणपत्र भरताना फॉर्म नीट निवडा. कमिशनच्या उत्पन्नाला १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४एडी, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा गृहीत धरण्याची सोय, चालत नाही. तरीही आयटीआर-४ भरून ८ किंवा ६ टक्के नफा दाखवला जातो, आणि त्यात सॅम्पलचा खर्च वेगळा मागताच येत नाही. कमिशन असेल तर आयटीआर-३ भरा आणि प्रत्यक्ष खर्च दाखवा.